वहीतला राहिलेला रकाना

"बाई, लेख टाकायला चांगली साइट कुठची?" हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा मालवणच्या बाजारात "बांगडे ताजे आहेत का?" हा प्रश्नही विचारला गेला नसेल. विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं नसतं, हेही दोन्हीकडे सारखंच. यंदा या अंकाच्या संपादकांनीही फोन करून तेच विचारलं. म्हणाले, "इतकी वर्षं लोकांचे माहितीपर लेख तुम्ही इंटरनेटवर चढवलेत. सगळ्या साइटींची तुलना करून छान मार्गदर्शन करा." तुलना मी केलेली आहे, चांगली दोनशे पानी वहीत. तिनं काय घात केला तेवढं सांगते. मार्गदर्शन ज्याचं त्यानं काढून घ्यावं.

माझा मूळ टायपिंगचा क्लास होता, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. आठ यंत्रं, एक मोठा काळा फळा आणि कोर्टात नाहीतर पंचायतीत चिकटायची आस धरून बसलेल्या मुली. अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर घेतला, पुढे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट आलं. मग लोक हातात फुलस्केप कागदांची गुंडाळी घेऊन यायला लागले. कोणाला काजूच्या कलमांबद्दल लिहायचं होतं, कोणाला विंचू उतरवण्याबद्दल, एका निवृत्त तलाठ्याला सात-बारा कसा वाचावा याबद्दल. मुंबईची मासिकं यांची पाकिटं उघडतही नसत. इंटरनेटवर मात्र कोणी नाही म्हणत नाही, ही बातमी कशी कोण जाणे पसरली होती. काम सोपं होतं: त्यांनी लिहायचं, मी टाइप करायचं, साइटीवर चढवायचं आणि त्यांनी चार नातेवाइकांना फोन करून सांगायचं.

सोपं म्हणते, पण पहिली चार-पाच वर्षं मी नुसती डोकं फोडत होते. तेव्हा मराठी अक्षरांचे फॉन्ट ज्याचे त्याचे वेगळे. मी इथे 'सात-बारा कसा वाचावा' म्हणून चढवलं की तलाठीबुवांच्या भावाला ठाण्यात फुल्या आणि चौकोन दिसायचे. तो तिथून फोनवर ओरडायचा, तलाठीबुवा इथे माझ्यावर ओरडायचे आणि मी कोणावर ओरडायचं ते कोणीच सांगत नव्हतं. फुकट पानं देणारी एक साइट मला फार आवडली होती. तिच्यावर सव्वीस लेख चढवले. एके सकाळी उघडली तर साइटच नाही. बंद पडली म्हणे. सव्वीस लेखक दोन दिवसांत माझ्या दारात हजर, जसं काही मीच ते कागद बंबात घातले होते.

तेव्हा मी वही सुरू केली. पानाला आडवे रकाने: मराठी अक्षर नीट दिसतं का, फुकट आहे का, लेखकाचं नाव येतं का, चित्र टाकता येतं का, आमच्या तारेवर किती वेळात उघडते, किती लोक वाचतात. उभ्या ओळीत साइटींची नावं. परदेशातल्या मराठी मंडळींनी काढलेल्या गप्पांच्या साइटी होत्या. तिथे लेख चार ओळींचा आणि त्याखाली भांडण चाळीस ओळींचं. इंग्रजी लेखांची कोठारं होती, कसलाही लेख घेत, मात्र एकच शब्द दहा वेळा आलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट. मग ब्लॉग आले. तिथे आपलंच घर, पण पाहुणा येत नाही. आणि माहितीकोश होते, म्हणजे कोणीही लिहावं आणि कोणीही दुरुस्त करावं, असं सगळ्यांचं मिळून केलेलं पुस्तक.

या वहीत मला मदत करायचे ते आलेक्स सर. हायस्कूलचे निवृत्त इंग्रजीचे मास्तर, घर चर्चच्या मागे, अर्धं गणगोत म्हापशाला. त्यांनी खाऱ्या सुक्या मासळीवर एक उत्तम लेख लिहिला आणि एका माहितीकोशात टाकला. दुसऱ्या दिवशी वर पाटी लागली: "स्रोत द्या." सरांनी लिहिलं, स्रोत माझी आई. पुन्हा पाटी: "विश्वासार्ह प्रकाशित स्रोत द्या." सर चष्मा काढून माझ्यासमोर बसले. "आता आवयक तळटीप कशी लावू, सांग. ती आयुष्यात एकदाच प्रकाशित झाली, ती मेली तेव्हा. गोव्याच्या पेपरात." लेख गेला. आम्ही वहीत त्या कोशापुढे लाल पेनानं फुली मारली आणि दुसरा एक, जरा नवा, कमी कटकटीचा कोश शोधला. तिथे स्रोत कोणी विचारत नसे. त्याला आम्ही सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण दिली. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही कबूल करते.

याच सुमारास दाजी तांडेल माझ्याकडे आले.

दाजी रापणीचे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. तीस-चाळीस माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढतात आणि कधी सोडायचं, कधी ओढायचं ते एकटा म्होरका सांगतो. सत्तरी उलटलेली, अंगात बनियन, कानाला ऐकू कमी. माझ्या दुकानात ते पूर्वी कधीच आले नव्हते. उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले, "बाये, माका एक लेख घालूचो आसा."

मी म्हटलं, झालं. आता रापणीचा इतिहास येणार शिवकाळापासून. पण त्यांना इतिहास नको होता. आमच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचं एक बेट उघडं पडतं. पाहुणे गुडघाभर पाण्यातून तिकडे चालत जातात, शंख गोळा करतात, फोटो काढतात. पाणी फिरलं की किनारा आणि बेट यांच्यामधली चर आधी भरते, बेट मागाहून. बेटावरच्या माणसाला समोर कोरडी वाळू दिसत असते आणि पाठीमागे परतीची वाट पुरुषभर बुडालेली असते.

"तीन वर्सां झाली," दाजी म्हणाले. "एक पावणो माका इचारी, काका, पाणी उतरलंय ना? मी म्हटलंय, होय, उतरलां, जावा. परत कधी येवचां तां मी सांगूक नाय. तेणी इचारूक नाय, मी सांगूक नाय." तो पाहुणा परत आला नव्हता. मालवणात सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती, पण शेवटचं त्याच्याशी कोण बोललं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांना भरतीचा हिशोब जगाला सांगायचा होता. किनाऱ्यावर तो प्रत्येक घरात ठाऊक असतो. समुद्र चंद्रामागे चालतो, म्हणून तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरलेलं आणि बाराच्या सुमारास तळाला. चतुर्थीला तीन. आमच्याकडे पाणी मुंबईच्या जरा आधी भरतं, तेवढं मागे धरायचं. दाजी सांगत गेले, मी टाइप करत गेले. बेटावर कधी जावं, पाणी फिरायच्या किती आधी निघावं, मुलं असतील तर जाऊच नये, असं दीड पान झालं. शेवटी म्हणाले, "खाली माझां नाव घाल. आनी लिही, ह्यात काय चुकलां आसात तर बंदरार येवन माका सांगा."

मी म्हटलं, "दाजीनू, इंटरनेटवर तसां लिवनत नाय. लोक थंयच प्रतिक्रिया देतत."

"तोंड नाय दिसणा तेंची प्रतिक्रिया माका नको. येवन सांगा म्हणान लिही."

लिहिलं. आणि वही उघडून, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण असलेल्या त्या कोशात लेख चढवला. तिथून तो कोणीही उचलून आपल्या साइटीवर लावावा, अशी त्या कोशाची रीत होती. त्या सोयीचंही मला कौतुकच. दाजींना मी म्हटलं, बघा, आता तुमचं म्हणणं दहा ठिकाणी वाचतील. म्हातारा खूश झाला. दुसऱ्या दिवशी सुनेच्या हाती दोन सरंगे, म्हणजे मोठाले पापलेट, पाठवले.

दोन दिवाळ्या गेल्या. त्या वर्षीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेलेली, बंदरावर पाहुण्यांची झुंबड. त्या दिवशी संकष्टी होती, मला उपास, म्हणून पक्कं लक्षात आहे. तारीख आठ. कोल्हापूरकडचं एक कुटुंब सकाळी नऊला बेटावर गेलं: नवरा-बायको, त्याची आई, दोन मुलं. संकष्टी म्हणजे चतुर्थी, भरती पहाटे तीनची, म्हणजे नऊच्या आतच पाणी तळाला जाऊन फिरलेलं. अकराच्या पुढे दाजींनी जाळी दुरुस्त करताना वर बघितलं तर बेटावर पाच माणसं आणि मधली चर भरलेली. ते आणि शेजारचा एक गडी होडी घेऊन गेले. पोचले तेव्हा बापाच्या खांद्यावर एक मूल, आईच्या कडेवर दुसरं आणि म्हातारी छातीभर पाण्यात देवाचं नाव घेत उभी. पाचही जण आले. म्हातारीची चप्पल गेली, एवढंच.

किनाऱ्यावर दाजींनी त्या माणसाला शिव्या घातल्या, त्या इथे छापता येणार नाहीत. तो माणूस मात्र थरथरत का होईना, वाद घालायला तयार. "अहो काका, आम्ही असेच नाही आलो. अभ्यास करून आलोय. नेटवर भरती सहाची दिली होती. बारापर्यंत पाणी उतरणार होतं!" आणि त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरात नीट घातलेला छापील कागद काढला. "हे बघा. तारखेची पाऊणपट करावी. आज आठ तारीख, आठाचे पाऊणपट सहा. खाली नावसुद्धा आहे, दाजी तांडेल, मालवण. तुमच्याच गावचे आहेत, विचारा त्यांना."

"दाजी तांडेल मीच," दाजी म्हणाले.

अर्ध्या तासानं ते माझ्या दुकानात होते, धोतरातून लादीवर पाणी गळत होतं. तो फोल्डर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "बाये, ह्यां माझां नाव मा? मी तिथी सांगलंय. ही तारीख खंयसून इली? दर्याक तारीख कळता काय गो?"

मी कोश उघडला. तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते, तेवढं बरं. 'माहितीमित्र' या नावाच्या कोणा महाभागानं वर्षभरापूर्वी जिथे जिथे तिथी होती तिथे तिथे तारीख केली होती आणि शेजारी कारण दिलं होतं: "तिथी आजकाल कोणाला कळत नाही, म्हणून सोपे केले." हेतू वाईट नव्हता त्याचा. त्याच्यावर चिडायचं म्हटलं तरी नीट चिडता येत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

"कोणी केल्यान?" दाजींनी विचारलं.

"कोणी तरी बदलल्यान, दाजीनू. थंय कोणीय बदलूक शकता."

"कोणीय? दर्या बघूक नाय तो पण?"

"होय."

"मगे माझां नाव तेवढां कित्याक ठेवल्यान?"

मी बदल करायचं पान उघडलं.

"पुसून टाक तां," ते म्हणाले. मी तिथल्या तिथे तारखेची तिथी केली. मग सवयीनं त्यातलं एक वाक्य दुसरीकडे शोधून पाहिलं. तोच लेख, तीच तारीख, तेच नाव, आणखी अकरा साइटींवर. दहा ठिकाणी वाचतील म्हणाले होते ना मी. एक जास्तच निघाली. दाजींना सांगितलं, "हय पुसलंय. थंयचां माका पुसूक येणा नाय." त्यांनी टेबलावरच्या माझ्या वहीवर बोट ठेवलं. "इतली मोठी वही केलंस. पुसूक खंय गावता, तां लिवलंस काय हेच्यात?"

नव्हतं लिहिलं. फॉन्ट लिहिला होता, चित्रं लिहिली होती, उघडायला लागणारी मिनिटं लिहिली होती. लेख चुकीचा झाला तर तो मागे कसा घ्यायचा, हा रकाना आठ वर्षांत माझ्या डोक्यातही आला नाही. टायपिंग शिकवताना खोडरबर आधी हातात देणारी बाई मी. म्हातारीची नुसती चप्पल गेली म्हणून हे सगळं मी आज लिहू शकते. एखादं मूल गेलं असतं तर मी दुकानाचं शटर पुन्हा वर केलं नसतं.

त्यानंतरचा काळ म्हणजे निव्वळ अर्ज-विनंत्या. आलेक्स सरांनी इंग्रजीत असं पत्र लिहून दिलं की वाचून इंग्लंडच्या राणीनंही लेख काढून टाकला असता. कोशावर माहितीमित्रानं माझी दुरुस्ती दोनदा उलटवली. तिसऱ्यांदा "स्रोत?" म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी भिंतीवरचं पंचांग काढून त्याच्या डोक्यात घालायची भाषा केली, शेवटी त्या पंचांगाचाच आधार देऊन प्रकरण मिटवलं. उरलेल्या अकरांपैकी पाच जणांनी लेख काढला. एकानं कळवलं की हा लेख आता आमची मालमत्ता आहे. एकानं उत्तरादाखल जाहिरातीचे दर पाठवले. बाकीच्यांचा पत्ताच नव्हता. साइट चालू, घरात कोणी नाही. त्यातल्या काही पुढे आपोआप मेल्या. ज्या साइटी जगाव्यात म्हणून मी एके काळी देव पाण्यात ठेवले होते, त्या मराव्यात म्हणून आता वाट बघत बसले होते.

दाजींनी माझ्या पत्रांची वाट पाहिली नाही. टायपिंगचा क्लास तेव्हा बंदच झाला होता. तो मोठा काळा फळा त्यांनी मागून नेला आणि बेटाकडे उतरणाऱ्या वाटेवर दोन खांब पुरून वर माडाच्या झापांचं छप्पर करून उभा केला. रोज सकाळी स्वतः खडूनं लिहायचे: आजची तिथी, पाणी फिरायची वेळ, कधी परत यायचं ती वेळ. अक्षर डुगडुगतं, पण रोजचं ताजं. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. वहीत मी त्या फळ्यालाही एक ओळ दिली. चित्र टाकता येत नाही, वाचणारे थोडे, पाऊस लागतो. शेवटचा रकाना मी नव्यानं आखला होता, त्यात मात्र बरोबरची खूण केली.

आता वाटेल, संपली कटकट. कसली संपतेय! पाहुण्यांना फळा एवढा आवडला की ते त्याचा फोटो काढायला लागले. फोटो घरी जाऊन नेटवर. पुढच्या महिन्यात एक टोळकं कॅमेरा पुढे करून दाजींना सांगतं, "काका, तुमच्या बोर्डावर तर दुपारी दोनची वेळ आहे." महिन्यापूर्वीची दोन! दाजींनी कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या माथ्यावर ऑइलपेंटनं कायमची ओळ आली: "फोटो काढलात तर उद्या खोटा होईल." त्या ओळीचे तर आणखीच फोटो निघाले.

दाजी जाऊन आता वर्ष होऊन गेलं. शेवटचे काही महिने अंथरुणातूनच तिथी सांगायचे आणि सून, सुनंदा, जाऊन फळ्यावर लिहायची. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघण्यापूर्वी ती आजही लिहिते. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "गेलां काय गो तां सगळीकडसून?" तेव्हा एक साइट शिल्लक होती. मी म्हटलं, गेलां. खोटं बोलले. ती साइट अजून चालू आहे. तारीख तशीच, नाव तसंच. लेखाखाली प्रश्न असतो, "हा लेख उपयुक्त वाटला का?" मी दर संकष्टीला जाऊन 'नाही' दाबते. ती माझे आभार मानते.

गेल्या मार्गशीर्षात दुपारी एक पन्नाशीचा माणूस दुकानात आला. अलिबागच्या बाजूचा, मासेमारी करणाराच, हाताला दोराचे घट्टे. बंदरावर दाजी तांडेलांचं घर विचारत होता, लोकांनी माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, काय काम होतं? त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी छापून आणला होता.

"रागावू नका," तो म्हणाला. "एवढ्या जाणत्या माणसाला सांगायला मलाच कसंतरी वाटतंय. पण इथे तारीख म्हटलंय, ते चुकलंय. तिथी पाहिजे. यावरून कोणीतरी बुडेल. फोन नंबर नव्हता. खाली लिहिलंय, चुकलं असेल तर येऊन सांगा, म्हणून आलो."

मी त्याला सांगितलं की दाजी गेले, आणि ही चूक त्यांची नव्हती, माझी होती. मग त्याला घेऊन वाटेवर गेले आणि फळा दाखवला. त्यानं बोटांवर पाऊणपट करून बघितली, सुनंदानं लिहिलेल्या वेळेवर नजर टाकली आणि मान हलवली. म्हणाला, "हां, हे बरोबर आहे."

बारा वर्षांत शेकडो लेखांखाली मी हजारो प्रतिक्रिया वाचल्या असतील. दाजींना हवी होती तशी एकच आली, आणि ती द्यायला माणूस रात्रभर एस.टी.त बसून आला होता. त्याची परतीची गाडी साडेचारची होती. मी त्याला जेवायला ठेवून घेतलं.